फाटकापर्यंतची अक्षरं

तुमच्या रस्त्यावर पहिली बस आली तेव्हा तुम्हीही तिला हार घातला असेल, नारळ फोडला असेल. पण त्या दिवशी रस्त्यावरून काय उठून गेलं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का?

आम्ही नाही विचारलं. आम्ही बस मागत होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं, आणि नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे आमची वस्ती. घरात धान्यापेक्षा पत्रकं जास्त. वडील सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून आणत. जेवताना एक तरी पत्रक मोठ्यानं वाचलं जाई, आणि शिळी झालेली पत्रकं आई चुलीत घाली. 'वस्तीपर्यंत बस आलीच पाहिजे' हे पत्रक मी मॅट्रिकला असताना दारोदार वाटलं. त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे. बायांनी डोक्यावर टोपल्या घेऊन नागपूरच्या उन्हात बिडी कारखान्यापर्यंत पायी का जावं?

माझी आई त्या बायांपैकीच. घरी वळलेल्या बिड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या, तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन परत यायचं. तिच्यासोबत शेजारची मावशी असे. नात्यानं आमची कुणी नव्हे, पण सगळी वस्ती तिला मावशीच म्हणे. कारखान्याच्या भिंतीवर नोटीस लागली की चौथी शिकलेली आई ती सगळ्यांना वाचून दाखवी. एकदा आई तापानं घरी होती. माल तपासणाऱ्या चेकरनं त्या दिवशी बायांना 'उद्या सुट्टी' असं खोटंच वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची गैरहजेरी लावली. त्याला ती मोठी गंमत वाटली. मावशीला नाही वाटली.

"एक तरी नोटीस मी याच्या तोंडापुढं वाचीन," ती आईला म्हणाली. "तू फक्त शिकव मले."

घरी शिकणं जमेना. मांडीवर सूप, दोन्ही हात बिडीत, आणि पाटी दिसली की मावशीची सून पदर तोंडात धरून हसे. रस्त्यावर मात्र हात टोपलीला, डोळे मोकळे. म्हणून आईनं रस्त्याचीच शाळा केली. दवाखान्याच्या पाटीवरून द. राशन दुकानावरून र. जोड्यांच्या दुकानाचा ज, सायकलवाल्याचा स, कोळशाच्या वखारीचा ळ, लाकडं कापायच्या आरामशीनचा आ. रोज त्याच पाट्या, त्याच क्रमानं. वाटेत रेल्वेचं फाटक होतं, आणि मालगाडीसाठी ते हमखास बंद असे. तिथं परीक्षा.

"सांग वं, सायकलच्या पाटीवर शेवटी काय हाय?"

"ल. लंगड्या घोड्यावानी दिसते तो."

"आन् वखारीचा व?"

"पोट सुटलेला. तुह्या घरच्यासारखा!"

फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्या बाया हसत. बाकीच्या जणी नुसत्या ऐकता ऐकता अर्धी बाराखडी शिकल्या. पण फाटक उघडलं की उशीर झालेला असे, आणि मग पुढचा रस्ता सगळ्या जवळजवळ पळत कापत. पलीकडच्या पाट्या राहूनच गेल्या होत्या. दिवाळी झाली की थोडं आधी निघू आणि फाटकाच्या पल्याड सुरू करू, असं दोघींचं ठरलं होतं.

दिवाळीच्या आधीच बस आली.

वडिलांनी नारळ फोडला. आईनं बसच्या नाकाला हळदकुंकू लावलं. मीही घोषणा दिल्या, घसा बसेपर्यंत. पहिल्याच खेपेला मावशी खिडकी धरून बसली. बस सुटली आणि दवाखाना, राशन, जोडे, सायकल सगळं एका दमात मागं गेलं.

"अरे, हळू हाक ना गा! वखार तर वाचू दे!"

"काहून, लायब्ररी हाय का ही?" कंडक्टर म्हणाला. "टोपली खाली ठेवा, मावशी."

बस हसली. मावशीही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं पायी जायचं म्हटलं, तर घरातून तिचा नवरा ओरडला, दारात बस उभी असताना पाय झिजवतात का. त्यात खोटं काय होतं? चालण्यातला वेळ वाचला होता. तो वाचलेला वेळ घरात थांबला नाही, इतकंच. तो सुपात गेला. कारखान्यानं मालाचा आकडा वाढवला, आणि बाया मान खाली घालून वळत बसल्या. फाटकाशी आता बस थांबे. बायांच्या डोक्यांत वळायच्या बिड्या असत, अक्षरं नसत.

मग एक दिवस भिंतीवर नोटीस लागली. चेकर बाजूलाच उभा होता. आईनं ओठ मिटून घेतले आणि मावशीला पुढं केलं. मावशीनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि बोट उचललं.

"द... र... रो... ज. दररोज." बोट पुढं सरकलं. "स... का... ळी. सकाळी." बाया भोवती जमल्या. "आ..."

पुढचं अक्षर ठ होतं. ते मिठाईच्या दुकानावर होतं. मिठाईचं दुकान फाटकाच्या पल्याड.

मावशीचं बोट तिथंच राहिलं. आई सांगायला पुढं झाली, पण चेकर आधी बोलला. "सकाळी आठच्या आत माल आणा. बस सुरू झाली हाय, उशिराची सबब चालनार नाई." आणि हसून म्हणाला, "तुमीच मागतली ना वं बस? घ्या मंग!"

परतताना मावशी बसमध्ये खिडकीकडे पाठ करून बसली. आई शिकायला घरी बोलावत राहिली, ती आली नाही. "जाऊ दे," म्हणे. "झालं तेवढं झालं."

त्याच आठवड्यात वडिलांनी नवं पत्रक आणलं: दुसरी बस हवी. तीही आली, आणि यायलाच हवी होती. पण एकाही पत्रकात आम्ही लिहिलं नाही की बायांचा वाचलेला वेळ बायांचाच आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. ती मागणी कुणाला सुचलीच नाही. ती सुचायला फाटकाशी उभं राहावं लागलं असतं.

मावशी आता म्हातारी झाली आहे. थांब्यावर उभी राहून, बसच्या पाटीकडे न बघता, ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, "ही कुठं जाते गा?" लोक सांगतात आणि चढतात.

तुम्हाला तुमच्या थांब्यावर एखाद्या बाईनं असं विचारलं, तर सांगून मोकळे होऊ नका. ती बस जाऊ द्या. पुढच्या थांब्यापर्यंत तिच्यासोबत पायी चला, आणि वाटेतली पहिली पाटी बोट धरून तिच्याकडून वाचून घ्या.