फोटोतून पुसलेला वण

मी गुलाम रसूल, उदगीरचा गवंडी. माझ्या डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा वण आहे. कुणी विचारलं की मी सांगायचो, कुस्तीत लागलं. कुस्ती मी आयुष्यात फक्त बघितली, तीही लांबून. खरं म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात अम्मा सरकारी कामावर खडी फोडायची आणि मी शेजारी बसून तिच्या वाटची सुकडी खायचो. तिच्या हातोडीखालून कपची उडाली आणि माझ्या भुवईत घुसली. पहिलवान सुकडी खाताना जखमी झाला, असं चारचौघांत सांगता येतं का?

पुढं लातूर जिल्हा झाला. वाटलं, जिल्हा आपला, आता कामं निघतील. निघाला तो पुन्हा दुष्काळ. पाण्यावाचून बांधकामं बंद पडली, घरात पोरं उपाशी, आणि तेवढ्यात मस्कतचं काम चालून आलं. पासपोर्टाच्या फॉर्मात ओळखीची खूण विचारली होती. मी छाती फुगवून वण लिहायला लावला.

फोटो शिवलिंगआप्पाच्या स्टुडिओत काढला. त्याच निगेटिव्हवरून घरात लावायला एक मोठा फोटो पाहिजे म्हणून अम्माही आली होती. आप्पाला पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाचा नवरदेव करायची लई हौस. फोटो हातात पडला तर मी इतका देखणा निघालो, की भुवईकडं बघायचं सुचलंच नाही.

विमानतळावरच्या साहेबाला सुचलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं.

"हा कोण?"

"मीच, साहेब."

"हा बरा दिसतो," म्हणाला आणि मला बाजूला बसवलं. विमान गेलं. गळ्यात हार घालून निघालेला माणूस यष्टीतून परत उतरला. लोक म्हणायचे, "मस्कत लई जवळ हाय वाटतं."

मी तडक आप्पाला गाठलं. "पोरांना काय घालू आता? कुणी सांगितलं होतं वण पुसायला?"

"तुझ्या अम्मानं," आप्पा हळूच म्हणाला. "म्हणाली, पोरगा लांब जाणार, फोटोच डोळ्यापुढं राहणार. तेवढं माझ्या हातचं लागलेलं काढून टाक."

इतकी वर्षं मी कुस्तीच्या बाता मारत होतो आणि ती मुकाट ऐकत होती. मला वाटायचं, मनात हसत असंल.

हेलपाटे घालून शेवटी पासपोर्टाच्या मागच्या पानावर शेरा मिळाला, की धारकाच्या डाव्या भुवईवर वण आहे, छायाचित्रात दिसत नाही. मस्कतवाल्यानं जागा राखली होती, नशीब माझं.

निघताना अम्मानं विचारलं, "सरकारनं काय लिहून दिलं रे?"

मी पान उघडलं. इंग्रजी आपल्याला कुठलं येतंय, पण शेरा पाठ होता.

"लिहिलंय, वण दिसत नाही."

"सरकारला पण?"

"हाव, सरकारला पण."

तिनं माझ्या भुवईवरून बोट फिरवलं. बहात्तरच्या दुष्काळापासून तिनं तिथं कधी हात लावला नव्हता.