जोसेफच्या हातातली मेणबत्ती

उजेडकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी उजेड मोजायचं मीटर असे. ते बल्बच्या कंपनीत इंजिनिअर होते. अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावात कुणाकडेही जेवायला गेले की आधी मीटर ताटावर धरत. "वहिनी, आमटी झकास, पण वासावर ओळखावी लागली!"

युरोपातली तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची, मेणबत्तीच्या उजेडातली धार्मिक चित्रं हे त्यांचं वेड. "नुकती विझलेली, धूर सोडणारी मेणबत्ती दिसली की समज, कुणाचं तरी आयुष्य संपलं," असं ते सांगत. चित्राला मीटर लावायला गेले म्हणून म्युझियमच्या गार्डने त्यांना दोनदा बाहेर काढलं होतं.

माझा धंदा जुन्या वस्तूंचा. शून्यातून दुकान उभं केलं, ते घासाघिशीच्या जोरावर. काकांना मी सोबत नेई ते फक्त त्यांच्या स्टेशन वॅगनसाठी. चौऱ्याऐंशी साली एका म्हाताऱ्या बाईंच्या गराजमध्ये एक चित्र सापडलं. येशूचा जन्म, शेजारी मेणबत्ती धरलेला मेरीचा नवरा जोसेफ. गिऱ्हाईक माझ्याकडे तयार होतं. फ्रेम मोडकी, रंग काळवंडलेला, अशी तासभर नावं ठेवून मी बाईंना माझ्या भावावर आणलं. तेवढ्यात काका आत आले.

"अरे, जोसेफचा हात बघ!"

मी डोळे वटारले, त्यांच्या पायावर पाय दिला.

"पाय काढ रे! हातात मेणबत्ती आहे, पण सगळा उजेड येतोय बाळाच्या चेहऱ्यावरून. मेणबत्ती म्हणजे माणसाच्याने होईल तेवढं. बिचारा तरी धरून उभा आहे." हेच त्यांनी बाईंना इंग्रजीत ऐकवलं.

बाईंचे डोळे भरले. "माझे मिस्टर रोज यासमोर बसायचे," त्या म्हणाल्या, आणि चित्र काकांना देऊन टाकलं. फुकट! वॅगनमध्ये चढवलं मीच.

पुढे पाच वर्षं मी मागत राहिलो. काका म्हणत, "विकायचं नाही. बघायला ये." मी जाई, भांडण काढी, पोहे खाऊन परत येई.

रिटायर होऊन काका मुलाकडे टेक्सासला निघाले, तेव्हा त्यांनी ते चित्र जवळच्या चर्चला दिलं. मला न विचारता! दुसऱ्याच दिवशी मी पाद्र्याला गाठलं. त्याला छप्पर दुरुस्त करायचं होतं. "बोला, काय द्याल?" तो म्हणाला.

मी सुरू केलं. फ्रेम मोडकी, रंग काळवंडलेला... जोसेफच्या हातापाशी आलो आणि पुढे वाईट बोलवेना.

चित्र अजून तिथेच आहे. जाता जाता काकांनी माझी जीभ बिघडवून ठेवली.