सावेताने शिक्का खाली ठेवला

सावेताशी भांडायचं असेल तर सोमवारी भांडून घ्यावं, असं गावातले लोक हसत हसत म्हणत. कारण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती स्वतःच दारात येऊन उभी राहणार, डोक्यावरचा रुमाल सारखा करणार आणि म्हणणार, "चुकलं माझं. उद्या मला मळायचंय."

एकदा शेजारच्या ग्रिगोरेची गुरं तिच्या कोबीच्या वाफ्यात शिरली. वाफा साफ झाला. तरी शुक्रवारी सावेता त्याच्या फाटकाशी हजर.

"मावशी, गुरं माझी, कोबी तुझा, आणि क्षमा तूच मागतेस?" ग्रिगोरे म्हणाला.

"चार दिवस मनात तुला शिव्या दिल्या, त्यांची मागते. कोबीचं तू बघ."

दुसऱ्या दिवशी ग्रिगोरेने कोबीची रोपं आणून दिली, तेव्हा ती घरात नव्हती. चर्चमागच्या खोलीत काथवटीपुढे उभी होती.

बुकोव्हिनाच्या डोंगरातल्या त्या गावात वेदीवरचे पाव करायचं काम नेहमी एखाद्या उतारवयातल्या विधवेकडे असे. पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, याखेरीज त्यात काही नाही. मळण्याआधी अंघोळ, धुतलेला रुमाल, पिठावर बोटाने काढलेला क्रूस. शेवटी प्रत्येक गोळ्यावर नासपतीच्या लाकडाचा जुना शिक्का दाबायचा, की मधोमध क्रूस आणि भोवती ख्रिस्ताच्या नावाची अक्षरं उमटतात. आणि एक नियम, जो कुठे लिहिलेला नव्हता: मनात अढी ठेवून त्या पिठाला हात लावायचा नाही. तपासायला कोणी येत नसे. बाई जाणे आणि तिचा देव जाणे.

नवरा जंगलात कोसळत्या झाडाखाली सापडून गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी शिक्का सावेताकडे आला. तेव्हा मुलगी इलिंका सतरा वर्षांची होती. दुःखाने सावेता जेवणखाण सोडून बसली होती, तिला उठवलं ते या कामाने. इलिंकाने ते पाहिलं होतं. पुढे ती शेजारच्या तोदोसियाबरोबर इटलीला गेली, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला, जशा गावातल्या निम्म्या बायका गेल्या होत्या. दर रविवारी फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"पाव कसे झाले, आई?"

मग सावेता सांगत बसायची. पीठ या वेळी जरा भरड होतं, भट्टीने धूर धरला, एकावरचा शिक्का तर इतका सुरेख उठला की फादरांनी तोच उचलला. इलिंका हसायची. मध्ये मध्ये खोकायची. थंडी आहे इथे, म्हणायची.

नाताळच्या आधी इलिंका शवपेटीतून घरी आली. तोदोसिया गाडीतून पेटीबरोबर आली होती. अंगणभर माणसं उभी असताना सावेताने तिला एकच विचारलं.

"तुला तिच्या दुखण्याचं कधीपासून माहीत होतं?"

तोदोसियाने खाली पाहिलं. "ऑगस्टपासून."

"चार महिने. चार महिने तू माझ्याशी फोनवर बोललीस, आणि सगळं ठीक आहे म्हणालीस."

"तिनेच सांगितलं होतं, सावेता. आईला कळवू नकोस म्हणून."

"आणि तू ऐकलंस."

त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. तोदोसिया परत इटलीला गेली. सावेता पुन्हा काथवटीपुढे उभी राहिली. पापनिवेदनाच्या वेळी फादर विचारत, कोणाशी भांडण, अबोला? ती म्हणे, नाही. खोटंही नव्हतं ते. भांडायला समोर कोणी होतंच कुठे. छातीत जे दगडासारखं बसलं होतं त्याला ती दुःखच समजत होती, आणि दुःख बाळगायला मनाई नव्हती. तीन वर्षं अशी गेली.

चौथ्या वर्षी शरद ऋतूत तोदोसिया खुब्याचं दुखणं घेऊन कायमची गावी परतली. कुंपणापलीकडे काठीचा आवाज येऊ लागला आणि सावेताला पहिल्यांदा कळलं, की आपण ज्याला दुःख म्हणत होतो त्याला कान आहेत. काठी वाजली की ते उठून बसतं. तोदोसिया विहिरीवर घसरली असं ऐकलं, तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, सावेताला बरं वाटलं. तिने घाईने छातीवर क्रूस काढला आणि तो क्षण विसरायचं ठरवलं.

मग ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशीचा रविवार आला. त्या संध्याकाळी सगळं गाव एकमेकांची क्षमा मागतं. मागणारा म्हणतो, मला क्षमा कर. समोरच्याने म्हणायचं, देव तुला क्षमा करो. एवढं झालं की उपास धरता येतो.

तोदोसिया बर्फातून काठी टेकत सावेताच्या दारात आली. आत ये असं सावेता म्हणाली नाही.

"मला क्षमा कर, सावेता."

"देव तुला क्षमा करो," सावेताने ठरलेले शब्द म्हटले आणि दार लावलं.

दाराला पाठ टेकून ती बराच वेळ उभी होती. शब्द तर बरोबर होते. एकही कमी नव्हता.

त्या शनिवारी ती मळायला गेली. मनात आलं, आज खमीर फुगणार नाही. नाही फुगलं तर आपल्याला कळेल. तिने कापड झाकलं आणि बाकावर बसून वाट पाहिली. कापड उचललं तर पीठ काठापर्यंत आलं होतं. पाव भट्टीतून निघाले ते असे, की वर्षभरात तसे झाले नव्हते. पाचही गोल, पाचांवर अक्षरं स्वच्छ.

तेव्हा तिच्या आतलं कोणीतरी फार मायेने बोललं. बघ, तुझं मन देवाला पसंत आहे. तू क्षमा केलीस, शब्द म्हणालीस. आता उरलंय ते आईचं दुःख, आणि आईच्या दुःखाला कोण काय म्हणणार?

सावेता त्या पावांकडे बघत राहिली. तिला आयुष्यात मोह माहीत होते. उपासात दुधाची साय, तरुणपणी जत्रेतला एक फिडलवाला, म्हातारपणी दुसऱ्यांच्या सुनांच्या गोष्टी. ते सगळे तिला काहीतरी वाईट करायला सांगत. हा पहिलाच असा होता, की जो म्हणत होता, काही करू नकोस, तू चांगलीच आहेस. तिला त्याची भीती वाटली. तिने पाव टोपलीत घातले, शिक्का पुसला, रुमालात बांधला आणि ती फादर दिमियानकडे गेली.

फादर दिमियान वयाने तिच्या इलिंकाएवढे. सावेताने रुमालात बांधलेला शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, ती आली, तिने मागितली, तुम्ही दिली. झालं की."

"मी नाही दिली, फादर. देवावर ढकलली."

"अहो, सगळ्यांच्याच मनात काही ना काही असतं."

"असेल. पण सगळे मळत नाहीत."

"मग मळणार कोण? निम्म्या बायका इटलीत, आणि उरलेल्यांतल्या निम्म्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत." ते हसले, मग गंभीर झाले. "तुम्ही मळत राहा, मावशी. मळता मळता मनही मऊ होईल."

हे इतकं गोड होतं की सावेताचा हात रुमालाकडे गेला. ते एक काम काढलं तर तिच्या आठवड्याला काही अर्थ उरत नव्हता. शनिवार गेला तर बाकीचे सहा दिवस कशाला टांगायचे? पण मघाशी आतून जे कोणी बोललं होतं तेही हेच सांगत होतं. फक्त त्याच्या तोंडी ते ऐकायला भीती वाटली होती आणि फादरांच्या तोंडी वाटत नव्हती. तिने हात मागे घेतला. शिक्का टेबलावर राहिला.

पुढच्या रविवारचे पाव शहरातून आणावे लागले. सावेता सगळ्यांच्या मागे उभी राहिली. बायका कुजबुजल्या, तिला ऐकू जाईल इतपत हळू.

"काय केलं असेल गं हिने? या वयात?"

"या वयात काय करणार, गुडघे दुखतात तिचे."

"पाप करायला गुडघे कशाला लागतात?"

त्याच्या पुढच्या शनिवारी, पीठ झाकून बसायच्या वेळेला, सावेता स्वयंपाकघरात रिकाम्या हातांनी बसली होती. राखायला आता काही उरलं नव्हतं. आणि राखायला काही नसलं की माणूस विचारू शकतो. इतक्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं, की शेवटी इलिंका कशी होती, काय म्हणाली, कोणाचा हात हातात होता. राग धरून ठेवला की तेवढं विचारावं लागत नव्हतं. ती उठली आणि शेजारी गेली.

"ये," तोदोसिया म्हणाली. "इतके दिवस कुंपणावरून बघतेस, आता आतून बघ."

सावेता स्टुलावर टेकली. "माझी इलिंका कशी गेली ते सांग."

तोदोसियाने काठी भिंतीला लावली. सावकाश सांगितलं. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं त्या दिवशी दोघी बसमधून खोलीवर येत होत्या. इलिंका खिडकीशी बसली होती.

"मी म्हटलं, आईला फोन कर. तर म्हणाली, नाही. मी म्हटलं, वेडी आहेस का, आई आहे तुझी. तेव्हा म्हणाली..." तोदोसिया थांबली. "जाऊ दे, सावेता."

"सांग."

"म्हणाली, 'आईला कळलं तर ती देवाशी भांडेल. देवाशी भांडली तर पिठाला हात लावणार नाही, मी ओळखते तिला. बाबांनंतर तिला त्या पिठानेच उभं केलंय. मला बरं वाटेल किंवा नाही वाटणार, पण तिचे शनिवार मी नाही घेणार.' माझ्याकडून शब्द घेतला. शेवटपर्यंत रविवारी फोन धरायला मी तिचा हात उचलून द्यायचे."

पाव कसे झाले, आई. सावेताला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि आपली बडबडही. भरड पीठ, भट्टीचा धूर, सुरेख उठलेला शिक्का.

"हे तू मला तेव्हाच अंगणात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मळली असतीस?" तोदोसिया म्हणाली. "पोरगी गेली, निदान तिचं म्हणणं तरी राहावं. पण मी काही संत नाही हं. या हिवाळ्यात तू मला बघून तोंड फिरवलंस की वाटायचं, एक वाक्य बोलावं, आणि ही इथे माझ्या पायाशी बसेल. ते वाक्य मी जिभेवर घोळवायचे. फार गोड लागायचं. मग गिळायचे. आता तू शिक्काच ठेवलास म्हणून बोलले. आताही बोलायला नको होतं कदाचित."

मग सावेता म्हणाली, "मला क्षमा कर, तोदोसिया."

ठरलेलं उत्तर आलं नाही. तोदोसिया लाकूड घेऊन चुलीत सारायला गेली, पण खुब्यामुळे तिला वाकता येईना. सावेताने ते तिच्या हातातून घेतलं आणि आत सारलं.

"केली," तोदोसिया तेव्हा म्हणाली. "देवाचं तो बघेल. मी केली."

ईस्टरनंतर फादर दिमियान शिक्का घेऊन सावेताच्या घरी आले. आता तर मनात काही नाही ना, म्हणाले.

"आता तर खरं भांडण लागलंय, फादर," ती म्हणाली. "वरच्याशी. आणि माझ्या पोरीशीही. माझ्यासाठी तिने का ठरवावं?"

शिक्का तोदोसियाकडे गेला; तीही विधवाच होती. ती स्टुलावर बसून मळायची. सावेता पाणी आणायची, पीठ चाळायची, भट्टी पेटवायची. काथवटीत हात घालत नसे.

"घाल गं हात," कंबर भरून आली की तोदोसिया म्हणायची. "इथे कोण बघतंय?"

सावेता हात एप्रनखाली घ्यायची. आतलं ते कोणीतरी दर शनिवारी यायचं, दर वेळी नवीन कारण घेऊन. तोदोसिया दमली आहे, इलिंकालाही हेच हवं होतं, एवढं रडलीस ते पुरे. ती आता त्याची चाल ओळखत होती. भांडत नसे त्याच्याशी. पीठ चाळत राही.

दोन वर्षं अशी गेली. एका शनिवारी, झाडांवर शेवटची पानं असताना, ती धुतलेला रुमाल बांधून आली आणि म्हणाली, "आज मी मळते."

तोदोसियाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्टूल बाजूला ओढलं. सावेताने पिठावर क्रूस काढला. मळताना ती रडत होती, पण हात थांबले नाहीत. पाच गोळे झाले. हातात पूर्वीची ताकद नव्हती.

रविवारी उपासना संपल्यावर ती चर्चमागच्या दफनभूमीत गेली. इलिंकाच्या क्रूसापाशी गळलेली पानं तिने हाताने बाजूला केली आणि तिथेच थोडी टेकली.

"चांगले झाले गं," ती म्हणाली. "एकावरचा शिक्का जरा पुसट आलाय."