पाठीवरचा माणूस

चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत मी आणि माझा मित्र, आम्ही दोघे पेंटशॉपला होतो. अठरा वर्षं एकच शिफ्ट, कंपनीच्या बसमधलं एकच बाक. नोकरी सोडून मी भोसरीत शर्टावर छपाई करायचं मशीन टाकलं, तेव्हा त्यालाही ओढून आणलं. सुती शर्टांवर जुनी परदेशी निसर्गचित्रं छापायची कल्पना त्याची. कापडवाल्याला घाम फोडून भाव पाडणं माझं. वाकडच्या सोसायट्यांमधल्या प्रदर्शनांत शर्ट बरे खपायचे.

भांडण एका चित्रावरून झालं. मोठं आभाळ, वळणाची नदी, उजवीकडे झाड आणि पार डावीकडे नखाएवढा एक माणूस, गाठोडं घेऊन चाललेला. अडचण अशी, की चित्र आडवं आणि शर्ट उभा. मी डावी बाजू कापून टाकली. झाड छातीवर बरोबर बसलं.

"माणूस कुठंय?" त्याने विचारलं.

"कापला. कुणाला दिसतोय तो?"

"अरे राव, त्याच्यासाठीच तर एवढं आभाळ काढलंय."

त्याचं म्हणणं, आधी कापड छापायचं, मग शिवायचं. झाड पुढे येईल, नदी कुशीवरून मागे जाईल आणि माणूस पाठीवर चालेल. पण त्यात कापड फार वाया जातं, आणि शिवणीवर नदी जुळवायची म्हटलं की कारागीर अडून बसतो. मी भडकलो. मशीनवर कामाला असलेल्या दोघी बायकांसमोर म्हणालो, "अठरा वर्षं गाड्यांचे दरवाजे रंगवलेस, आता चित्रकार झालास काय?"

त्याने हात पुसले, डबा उचलला आणि गेला. तूही दरवाजेच रंगवलेस, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही, त्याचाच मला राग आहे. भांडायचं तर पुरतं भांडावं.

त्या भांडणाला दोन वर्षं झाली. घरी मी एकटाच असतो. प्रदर्शनात दिवसभर तोंड चालतं, पण भाव सोडून माझ्याशी कुणी काही बोलत नाही.

गेल्या महिन्यात तो शर्ट मी त्याच्या पद्धतीने करून घेतला. एकच, माझ्या मापाचा. धुतला, घातला, आरशासमोर उभा राहिलो. पाठ दिसेना. मान वळवली की कापड ओढलं जायचं आणि माणूस सुरकुतीत जायचा.

रविवारी कासारवाडीला त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याने शर्ट बघितला.

"फिर."

मी फिरलो.

"हात वर कर."

कंपनीच्या गेटवर झडती देतात तसा मी जिन्याकडे तोंड करून उभा राहिलो. स्टेशनातून लोणावळ्याची गाडी निघून गेली. मग कुशीच्या शिवणीवर त्याचं बोट टेकलं.

"नदी अर्धं बोट वर सरकलीय."

"पुढचं कापड आटलं."

"छापायच्या आधी धुऊन घ्यायचं असतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस!"

"विचारलंस कधी?"

आत ये, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी ताठ्याने नाही म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक आहे. मी तसाच जिना उतरू लागलो. दार लागल्याचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत आला नाही. मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो, तर त्याला माणूस दिसला नसता.