पावती दावा, मग शाल

चाकणजवळच्या एका गावातले हे तात्या मला रोज सकाळी बसथांब्याशेजारच्या टपरीवर भेटतात. शाळा सातवीपर्यंत, पण ऑस्ट्रेलियाच्या करधोरणावर अर्धा तास सहज बोलतात, कारण लेक पर्थला असते. "राव, गॅस तिथल्या लोकांचा. कंपन्या जहाजं भरभरून इकत्यात. कराचं इचारलं, तर म्हणत्यात, अजून नफाच न्हाई!" एवढं बोलून ते डाव्या हाताने कपाळ बडवतात, उजव्यात चहा असतो. मी हसून सोडून देत असे.

गेल्या महिन्यात गावात एका ठेकेदाराचा सत्कार होता. त्याने कारखान्यांच्या भरावासाठी गावची निम्मी टेकडी मुरूम म्हणून उचलली होती आणि बदल्यात गावाला स्वतःच्या नावाची कमान दिली होती. शाल घालण्याचा मान वयामुळे तात्यांचा. त्यांचा डंपर त्याच ठेकेदाराकडे कामाला आणि घर त्या डंपरवर चालायचं, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. ठेकेदाराने मान वाकवली. तात्यांनी शाल उलगडली आणि माईकजवळ तोंड नेलं.

"भाऊ, मुरमाची सरकारी रॉयल्टी भरल्याची पावती दावा, मग घालतो."

"घरी राहिली, तात्या," ठेकेदार वाकूनच म्हणाला.

"मग शाल बी माझ्या घरी ऱ्हाईल."

दुसऱ्याच दिवशी डंपर कामावरून काढला. तो अजून दारात उभा आहे. पस्तावलात का, असं मी विचारलं.

"न्हाई. लेकीला कळवलंय," तात्या म्हणाले, "तुमच्या तिकडच्या सरकारला म्हणावं, आधी गॅसवाल्यांचे सत्कार बंद करा."