सरलाबाई बंद पडनी

माझा हेमकांत लहानपणी इतका लाजाळू होता, की शाळेत गुरुजींनी नाव विचारलं तर माझ्या पदरात तोंड घालून उभा राहायचा. नाव मीच सांगायची. आता तो पन्नाशीला आला, डोक्यावरचे केस गेले, पण ती लाज काही गेली नाही. धडगावकडे एका आश्रमशाळेत तो कारकून आहे. तिकडची माणसं त्याला भाऊसाहेब म्हणतात. कुणाचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाच्या नावातला चुकलेला काना, सगळं त्याच्या हाताखालून जातं. दुसऱ्याच्या कागदातली चूक त्याला लांबून दिसते. स्वतःच्या वेळी दिसली नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे. हेमकांत आठवडाभर वर डोंगरात खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी काळ्यापिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट उतरायचा. इकडे मी आणि सून मोहिनी. मग माझ्या गुडघ्यांनी काम सोडलं. नंदुरबारला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून त्याने मला जीपमध्ये बसवलं. पुढे जागा नव्हती, मागच्या फळीवर बसले. उतरायच्या वेळी पाय उचलेनाच. शेवटी ड्रायव्हरने आणि हेमकांतने मिळून मला पोत्यासारखं खाली घेतलं. मला काही वाटलं नाही, जन्मभर कापसाची पोती हलवली, एकदा आपण पोतं झालो. हेमकांतला मात्र लागलं. म्हणाला, "आई, आतेपाईन तुले जीपमा बसू देवाव नही."

होळीनंतर त्याने गाडी आणली. जुनीच, पण पांढरी, चकचकीत, गुजरात पासिंगची. नंदुरबारच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून घेतली, फायनान्सचं कर्ज काढून, पाच वर्षांच्या हप्त्यांवर. त्याचे वडील सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायचा नसला तरी चार वेळा चालवून बघायचे. याने गाडी बघितली ती आत बसून, एसी लावून.

शहाद्याच्या रेडियमवाल्याकडून मागच्या काचेवर लाल अक्षरांत लिहून आणलं, सरलाबाई कृपा. मला दाखवताना तो काचेकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मी म्हटलं, "मन्ही कसानी कृपा? हप्ता तर तू भरशी."

पण खोटं कशाला सांगू, शेजारची सिंधुबाई आली तेव्हा मी मुद्दाम गाडीच्या मागे खाट टाकून बसले. तिला वाचता येत नाही, तर वाचूनही दाखवलं.

पावसाळा लागला आणि गाडीने रंग दाखवला. पारावर आली की बंद. किल्ली फिरवली की नुसतं कुरकुर. मग धक्का. धक्का मारायला सगळ्यांत आधी धावायचा ईश्वर, हेमकांतचा चुलतभाऊ. धावायचा मदतीला, पण ओरडायचा आधी.

"सरलाबाई बंद पडनी रे! या रे, धक्का मारा!"

झालं. गावाने ते उचललं. मी चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि बाहेरून ऐकू यायचं, "सरलाबाईले जोरमा ढकला!" "सरलाबाई गरम व्हई गई!" "सरलाबाई धूर सोडी ऱ्हायनी!" माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत माझं नाव कधी घेतलं नव्हतं. अहो-जाहो नाही, नाव नाही, नुसता खाकरायचा आणि मी समजायची. आता शाळेतून येणारी पोरंही मला ढकलत होती.

मोहिनी म्हणायची, "काचवरनं नाव काढी टाका ना." हेमकांत ऐकायचा आणि जेवायला लागायचा. आईचं नाव काढायचं म्हणजे त्याला पाप वाटायचं. मी 'काढ' म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, आईला माझी लाज वाटते. मग मीही जेवायची.

श्रावणात माझे नंदोई वारले. दहावा प्रकाशाला, तापीच्या काठावर. पिंड ठेवले, सगळी भावकी हात जोडून मागे सरकली आणि कावळ्याची वाट बघू लागली. कुणी खोकत सुद्धा नव्हतं. एक कावळा खाली उतरला, दोन पावलं पिंडाकडे आला, आणि वर झाडाखाली उभ्या केलेल्या आमच्या गाडीचा हॉर्न आपोआप सुरू झाला. आत कुणी नाही, किल्ली हेमकांतच्या खिशात, आणि हॉर्न थांबेचना. कावळे सगळे पलीकडच्या काठाला गेले.

हेमकांत धावला. बॉनेट उघडून हाताला लागेल ती वायर ओढत होता. ईश्वर माझ्या शेजारीच उभा. हळूच म्हणाला, "काकी, सरलाबाईले लई दुःख व्हयनं."

माझी नणंद गजराबाई, जिचा नवरा गेला होता, तिने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, मी अजून विचारलेलं नाही. हॉर्न थांबला, हेमकांत परत आला, पण भावकीत आला नाही. पाठीमागे, भांड्यांजवळ, काळे हात घेऊन उभा राहिला. कावळा नंतर कितीतरी वेळ आलाच नाही. परत येताना लोक बोलत होते, काय इच्छा राहून गेली असेल मयताची. मी मनात म्हटलं, त्यांची काही नाही, आमची राहिली, जमिनीने आम्हाला पोटात घ्यावं एवढीच.

दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुवायला काढली. मोहिनी बाहेरून, मी आतून. मागच्या डिकीत जादा चाक असतं, त्याखालचा गालिचा मी उचलला. खाली गाळ. राखाडी, सुकून पापडासारखा तडकलेला. तापीचा पूर ओसरला की काठाला राहतो तस्साच.

मी हसत म्हटलं, "हेमकांत, ही गाडी कोनता वावरमा नांगर धरी गई व्हती?"

तो आला, वाकून बघितलं. चेहरा पांढरा पडला. "आई, झाक ते," म्हणाला.

मग तिथेच पायरीवर बसून आम्हाला दोघींना सांगितलं. गाडी पाण्यात बुडालेली होती. खाली गुजरातेत कुठेतरी पूर आला असेल, बसायच्या जागेपर्यंत पाणी चढलं असेल. कुणीतरी धुतली, घासली, अत्तर मारलं आणि विकली. आतल्या वायरी गंजल्या, म्हणून हे सगळं. तापी आमच्या गावावरूनच गुजरातेत जाते. माझ्या मनात आलं, इथून गेलेल्या पाण्याने खाली जाऊन गाडी बुडवली असेल आणि आमचीच म्हणून परत पाठवली असेल.

हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. करणार काय? सिंधुबाई बघत होती.

त्यानंतर तो विकायची किंमत विचारून आला. ज्याने विकली त्यानेच गालिचा न उचलता सांगितली, म्हणजे त्याला आत काय आहे ते ठाऊक होतं. ती किंमत उरलेल्या कर्जाच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. विकायची तर आधी वरचे पैसे स्वतः घालून कर्ज मिटवायचं. ठेवायची तर हप्ता आणि गॅरेज, दोघांना पोसायचं.

मोहिनी म्हणाली, "म्हंजे गाडीबी बुडनी नि कर्जबी बुडनं?"

"कर्ज नही बुडस," हेमकांत म्हणाला. "मी बुडस."

त्या दिवसापासून तो माझ्या तोंडाकडे बघेनासा झाला. ताट घ्यायचा ते ताटाकडे बघून.

दिवाळी झाली आणि ईश्वर गिऱ्हाईक घेऊन आला. म्हणजे बातमी घेऊन. "डोंगरातला शे, इंद्रसिंग नाव. मोलगीकडे जीप चालाडस. गाडीना फोटो देखी खूश व्हयना. तो देस त्या पैसामा तुन्हं कर्ज फिटी जाई."

"नि गाळ?" हेमकांतने विचारलं.

"तुले कोनी सांगेल व्हतं का? मंग तू कसाले सांगस?"

हेमकांतने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. मी तांदूळ निवडत होते, ते निवडतच राहिले.

रविवारी सकाळी इंद्रसिंग आला. पावरा आदिवासी माणूस, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खास आमच्याकडे यायचं म्हणून घातलेला. गॅरेजवाल्याने वायरी बांधून दिल्या होत्या, डिकीत नवा गालिचा होता, आणि मेली गाडी त्या दिवशी पहिल्या किल्लीला सुरू झाली. इंद्रसिंगने गावाबाहेर एक फेरी मारली. आला तो हसत. म्हणाला, "जीप आता घाटात दम टाकते, भाऊसाहेब. ही घेऊन दवाखान्याची भाडी करेन. बाळंतिणीला मागे आडवं झोपवता येईल."

मग तो मागे गेला आणि काचेवरची अक्षरं बोट ठेवून वाचली. "स-र-ला-बा-ई. कोण हे?"

"मन्ही आई," हेमकांत म्हणाला, आणि मग मराठीत, "माझी आई."

इंद्रसिंग खाटेपाशी आला, माझ्या पायाला हात लावला. "आईचं नाव टाकलेली गाडी आहे, तिच्यात खोट नसणार. हे नाव मी काढणार नाही, आई. राहू देईन." आणि खिशातून बयाण्याच्या नोटा काढून खाटेवर माझ्याजवळ ठेवल्या.

ईश्वर माझ्याकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, हेमकांत, गप्प बस. फक्त आजचा दिवस गप्प बस, जन्मभर गप्पच बसत आलास. देवाशपथ, हेच म्हणत होते.

हेमकांत गाडीच्या मागे गेला. डिकी उघडली, नवा गालिचा ओढून बाहेर काढला, चाक उचललं.

"इंद्रसिंगभाऊ, ही गाडी पाण्यातली आहे. बुडालेली. मला फसवून विकली."

इंद्रसिंगने वाकून बघितलं. गाळाचा एक तुकडा उचलला, बोटांनी चुरला. त्या लोकांना बुडालेलं ओळखायला शिकवावं लागत नाही. "आमच्या मामाचं घर गेलं मणिबेलीला, धरणाच्या पाण्यात," म्हणाला. मग खाटेवरच्या नोटा उचलून खिशात ठेवल्या.

"ही घाटात बंद पडली असती, आत बाळंतीण असती," तो म्हणाला, "तर मी कुणाचं नाव घेतलं असतं, भाऊसाहेब?"

हेमकांत खाली बघत उभा. मोहिनी चहा घेऊन आली होती. "चहा नको, ताई." मला नमस्कार केला, या वेळी लांबूनच, आणि स्टँडकडे चालू लागला. ईश्वरने हात आपटला, "तुन्हं काही व्हवाव नही, हेमकांत!" आणि तोही गेला. अंगणात आम्ही तिघं आणि कपभर चहा.

मी मोहिनीला म्हटलं, "उलथनं आन." गुडघ्यावर हात टेकत गाडीच्या मागे गेले.

"आई, काय करी ऱ्हायनी?"

"मन्हं नाव देखीसन तो मानूस फसना व्हता. आते आठे ऱ्हावाले नको."

"मी कसं काढू तुन्हं नाव?"

"तू नको काढू. मी काढस."

रेडियम घट्ट चिकटलेलं. 'कृपा' आधी गेलं, तशीही ती नव्हतीच. मग 'सरला'ला लागले. एकेक अक्षर खरवडून निघायचं, हाताला घाम यायचा. 'सरला' निघालं आणि माझा दंडच भरून आला. काचेवर राहिलं 'बाई'. मोहिनी तोंडावर हात ठेवून हसली. हेमकांत हसला नाही, पण त्याने माझ्या हातातून उलथणं घेतलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"ऱ्हाऊ दे ती," मी म्हटलं.

गाडी अजून अंगणात आहे, मागे 'बाई'. मी बॉनेटवर मिरच्या वाळवते. हप्ते चालू आहेत, पगारातून जातात. कुणी विकत मागायला आलं की हेमकांत आधी डिकी उघडतो, मग किंमत सांगतो. म्हणून ती अजून अंगणात आहे. तो जीपने वर जातो. एकदा इंद्रसिंगचीच जीप लागली. हेमकांत मागे बसला, तो पुढे, घाटभर शब्द नाही. उतरताना भाडं घेतलं आणि सुटे पैसे हातात मोजून परत दिले. एवढंच घरी येऊन दोनदा सांगितलं.

परवा मला पुन्हा डॉक्टरकडे जायचं होतं. काळीपिवळी, मागची फळी. नंदुरबारला उतरायची वेळ आली आणि पाय पुन्हा उचलेनात. मागे माणसं खोळंबलेली. हेमकांत खाली हात पसरून उभा, मान खाली, कान लाल झालेले. पोरगा तोच, पदरात तोंड घालणारा. यावेळी घालायला पदर वर होता आणि तो खाली.

मग नाव मीच सांगितलं. मागे वळून म्हटलं, "सरलाबाई बंद पडनी रे. जोरमा धक्का मारा."