टेस्टिंगमधलं डोकं

स्कॅन सेंटरच्या जिन्याखाली एक खोली आहे. खोली कसली, पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवायचे. आता तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक फिरती खुर्ची जी फिरायची केव्हाच थांबली आहे, आणि भिंतीवर एक इंटरकॉम आहे. उंच माणूस आत आला की जिन्याच्या पायरीवर त्याचं कपाळ आपटतं. ताई बुटक्या असल्यामुळे त्यांना ही खोली अगदी मापात बसते.

ताईंना सगळे पोचलंताई म्हणतात. हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको. भिंतीपलीकडच्या खोलीत एमआरआयचं मशीन आहे. पेशंट त्या बोगद्यात झोपतो, मशीन धडधडत त्याच्या आतल्या भागांचे फोटो काढतं आणि ते फोटो तारेतून ताईंच्या कॉम्प्युटरवर येतात. ते नीट आलेत का बघायचं, ज्याचे त्याच्या नावाखाली ठेवायचे आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंना दिसतील असे करायचे, हे ताईंचं काम. सगळं जागेवर बसलं की त्या इंटरकॉमचं बटण दाबतात आणि म्हणतात, "पोचलं."

त्याशिवाय पेशंटला टेबलावरून उठवायचं नाही, हा ताईंचा नियम. कोणत्याही सरकारी कागदावर तो सापडणार नाही. फार पूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांना "झालं, जा घरी" म्हणून पाठवलं आणि मग कळलं की निम्मे फोटो वाटेतच अडकले होते. बिचारे काठी टेकत पुन्हा आले. नुसते ताईंकडे बघून हसले. भांडले असते तर ताई विसरल्याही असत्या. त्या हसण्यापायी हा नियम आला. कॉम्प्युटर स्वतःच हिरवी खूण दाखवतो, मग तुम्ही कशाला ओरडता, असं कुणी विचारलं की ताई म्हणतात, "हिरवी खूण त्याची. डोळे माझे."

मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव हलूनका. दिवसभर माइकवर दुसरं काही बोलतच नाही, तर लोक दुसरं काय नाव ठेवणार? माणूस मोठा उद्योगी. मशीनची दुरुस्ती झाली की काहीतरी ठेवून ते तपासावं लागतं. कंपनी त्यासाठी पाण्याची बाटली देते. हलूनकाला बाटलीवर समाधान कुठलं? त्याने कलिंगड घातलं, अननस घातला, एकदा अख्खा कोबी घातला. हे सगळे फोटो ताईंकडे येत आणि 'टेस्टिंग' नावाच्या फोल्डरमध्ये जात. पेशंटचे फोटो सांभाळणं बंधनकारक, त्यांना हात लावायचा नाही. टेस्टिंग मात्र मनात येईल तेव्हा रिकामं करायला ताईंना मुभा होती. पण रिकाम्या बरण्यासुद्धा न टाकणारी बाई ती! कोबीच्या पोटातल्या घड्या इतक्या सुरेख दिसत होत्या की त्या पुसायला तिचा हात धजेना.

आणि त्याच फोल्डरमध्ये ताईंच्या नवऱ्याचं डोकं होतं.

नवऱ्याचं कोपऱ्यावर सलून. जन्म दुसऱ्यांच्या डोक्यात हात घालण्यात गेला, पण स्वतःच्या डोक्याला कुणी हात लावलेला खपत नाही. एकदा गिऱ्हाइकाची दाढी करता करता त्यांना भोवळ आली. वस्तरा हातात, समोर गिऱ्हाइकाचा गळा. खुर्चीचा दांडा धरला म्हणून निभावलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरकडे चला म्हटलं की हे म्हणत, "दिवसभर उभा असतो, भोवळ नाही तर काय टाळ्या येणार?" ताई रडल्या, रुसल्या, अबोला धरला. साहेब ढिम्म.

नेमकं तेव्हाच सेंटरमध्ये नवं मशीन बसत होतं आणि इंजिनिअरला चाचणीसाठी जिवंत माणूस हवा होता. ताईंनी घरी जाऊन भाजी निवडता निवडता सहज म्हटलं, "आमच्याकडे डोकं हवंय एक. चांगल्या घाटाचं. कुणी मिळत नाहीये." साहेबांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. इंजिनिअरने मशीनला येत होत्या तेवढ्या सगळ्या तऱ्हांनी ते डोकं टिपलं. ताईंनी डॉक्टरीणबाईंना आधीच गाठून ठेवलं होतं. बाईंनी फोटो नीट बघितले आणि म्हणाल्या, "ताई, काही नाही. स्वच्छ आहे. जेवणाच्या वेळा पाळायला सांगा." ताई जिन्याखालच्या खोलीत जाऊन पोटभर रडल्या.

तेव्हापासून इतकी वर्षं त्या रोज ते डोकं उघडून बघत. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की एकदा, भांडून आल्या असतील तर दोनदा. घरी नवरा फुशारकी मारायचा, "माझ्या डोक्यात काहीतरी आहे, हे मशीनने सिद्ध केलंय." ताई म्हणायच्या, "आहे ना, माझ्याकडे ठेवलंय. जास्त बोललात तर पुसून टाकीन." पण पुसायचा विचार त्यांच्या स्वप्नातही नव्हता. नवरा ठणठणीत आहे याचा तेवढा एकच पुरावा त्यांच्यापाशी होता आणि त्यावर त्यांचा जीव होता.

इकडे कॉम्प्युटरची डिस्क भरत आली होती. नवी मागवली होती, ती येते येते म्हणत वाटेतच होती. रोज सकाळी पडद्यावर सूचना येई की जागा संपत आली आहे, आणि खाली दोन बटणं, 'आत्ता साफ करा' आणि 'नंतर आठवण करा'. ताई रोज दुसरं बटण दाबत. सगळ्यांना शिस्त लावणाऱ्या बाईने स्वतःच्या बाबतीत मात्र असा काणाडोळा चालवला होता.

मग ती मुलगी आली. शाळकरी, दोन वेण्या, तोंडाला खळ नाही. तिचं डोकं वरचेवर दुखे आणि वर्गात बोलता बोलता ती मध्येच हरवल्यासारखी बघत राही. पूर्वी दोनदा ती मशीनच्या आवाजाने घाबरून, अर्ध्यावरच किंचाळत बाहेर आली होती. आज झालं नाही तर तिला झोपेचं औषध देऊन करावं लागणार होतं, आणि तिच्या छातीच्या जुन्या दुखण्यामुळे डॉक्टरीणबाईंना तेच नको होतं. वडील दाराशी उभे होते. त्यांनी हातातल्या रुमालाची पार दोरी केली होती.

हलूनका तिच्याजवळ बसला. "हे बघ, आमच्या एक ताई आहेत भिंतीपलीकडे. त्या 'पोचलं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. म्हटलं की तू जिंकलीस."

"आणि त्या म्हणायला विसरल्या तर?"

"त्या जेवायला विसरतील, पण हे नाही."

आणि मुलगी हलली नाही. मशीन धडधडलं, ठोकलं, किंचाळलं. ही डोक्याभोवती बसवलेल्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यात डोळे मिटून गप्प. ताई पलीकडे पडद्यावर नजर लावून बसल्या होत्या. फोटो येऊ लागले. स्पष्ट, देखणे. एक रांग भरली, दुसरी भरली आणि सगळं थांबलं. पडद्यावर लाल ओळ उमटली. जागा संपली.

तेवढ्यात हलूनकाचा आवाज, "ताई, समोरच्या हॉस्पिटलमधून फोन होता. शिडीवरून पडलेला रंगारी आणतायत, पाठीचा कणा बघायचाय. मशीन लगेच मोकळं हवं."

"अरे थांब! तिचे निम्मेच आलेत."

"काढून झालेत सगळे. बाकीचे माझ्या मशीनवर अडकलेत, पण पुढचा पेशंट सुरू केला की ते पुसले जाणार. मशीनला ठेवायला जागा कुठे असते?" मग त्याचा आवाज लहान झाला. "ताई, हिला पुन्हा बोगद्यात नाही हो झोपवता यायचं."

इंटरकॉम सुरूच होता. आतून मुलीचा बारीक आवाज आला, "ताई पोचलं म्हणाल्या का?"

"तू ऊठ बाळा, तुझं झालंय," हलूनका म्हणाला.

"नाही. त्या म्हणाल्या नाहीत. मी नाही हलणार."

ताईंनी टेस्टिंग उघडलं. बाटल्या गेल्या. अननस गेला. कलिंगड गेलं, कोबी गेला. कॉम्प्युटरचा कचऱ्याचा डबा रिकामा करून जागा किती झाली बघितलं. पुरेना. पेनड्राइव्ह लावावा तर त्या कॉम्प्युटरला ती सोय मुद्दामच बंद केलेली. दुसरीकडे कुठे हलवत बसायला वेळ नाही. फोल्डरमध्ये एकच नाव उरलं होतं आणि ते सगळ्यात मोठं होतं. इंजिनिअरने त्या दिवशी हौस म्हणून काही बाकी ठेवलं नव्हतं ना!

ताईंनी शेवटचं एकदा उघडून बघितलंही नाही. बघितलं असतं तर पुसता आलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बटण दाबलं. डोकं कचऱ्याच्या डब्यात गेलं. तरी जागा होईना, कारण डब्यात असेतो ते डिस्कवरच असतं. अजूनही परत काढता येत होतं. कॉम्प्युटरने विचारलं, डबा कायमचा रिकामा करायचा? आत मुलगी विचारत होती, "अजून नाही?" ताईंनी 'हो'वर टिचकी मारली.

"पाठव रे पुन्हा," त्या ओरडल्या.

फोटो आले. ताईंनी एकेक रांग उघडून बघितली, मुलीच्या नावाखाली बसवली. मग बटण दाबलं.

"पोचलं."

"पोचलं!" आतून किंकाळी आली आणि पाठोपाठ उडी मारल्याचा आवाज. वडिलांचा जीव भांड्यात पडला, हलूनकाने हुश्श केलं आणि रंगारी स्ट्रेचरवरून आत गेला. त्याचा कणासुद्धा टेस्टिंगच्या उरलेल्या जागेत आरामात मावला. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई मुद्दाम खाली उतरल्या, पायरीवर कपाळ आपटून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या मुलीचं गोळ्यांवर भागेल, ताई. कापाकापी काही नको."

पण त्या आधी, त्याच संध्याकाळी, ताई घरी गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. नवरा कांदा चिरत होता.

"अहो, तुमचं डोकं पुसलं मी आज."

त्याने सुरी खाली ठेवली. "मी काय जास्त बोललो?"

ताईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळे भरले. "एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "चिमुरडीला जागा झाली. माझं खरं डोकं आहे की इथे."

"तुम्हाला नाही कळायचं. ते नुसतं टेस्टिंग नव्हतं."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"अगं, डोकी बघण्यात जन्म गेला माझा. आमच्या घाटाचं डोकं कुणाला हवं असतं, एवढं कळतं. तू तपासून घेतलंस मला." तो पुन्हा कांद्याकडे वळला. "घाबरलो होतो मी. डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. तू युक्ती केलीस, बरं वाटलं. म्हणून तर शर्टाला इस्त्री केली."

ताई खाली बसल्या. एवढी वर्षं ज्या गोष्टीची चोरी केली, ती नवऱ्याने राजीखुशीने दिली होती!

नवी डिस्क आली तेव्हा तारा नीट जोडल्यात का हे बघायला एक स्कॅन पाठवून बघायचा होता. हलूनकाने भोपळा आणून ठेवला होता. पण सकाळी सलून बंद ठेवून, इस्त्रीच्या शर्टात, ताईंचा नवरा दारात हजर. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. "नाव रीतसर पेशंटांच्या यादीत लिही," तो म्हणाला. "पेशंटांचं पुसायची तुला परवानगी नाही ना? मग झालं."

फोटो आले. हिरवी खूण केव्हाच आली होती. ताई मात्र बघतच राहिल्या. तेच डोकं, थोडं म्हातारं झालेलं. त्यांचं बटणाकडे लक्षच नव्हतं.

इंटरकॉमवर पिंजऱ्यातून आवाज आला. "अगं, किती वेळ न हलता पडू? पोचलो की नाही मी?"

ताईंनी पदराने डोळे टिपले आणि बटण दाबलं.

"पोचलात हो. पोचलात."